दीड मीटर म्हणजे नक्की किती? सर्फ फोरकास्टची एक ओळ, नीट उलगडून

"१.५ मीटर, १६ सेकंद, २२५ अंश. वारा ८ नॉट, ऑफशोअर. ओहोटी सकाळी ६:४०."

सर्फ फोरकास्टचं, म्हणजे सर्फिंगसाठी लाटांचा अंदाज देणारं, कुठलंही ॲप उघडा, साधारण अशीच एक ओळ समोर येते. नवीन माणूस त्यातला फक्त पहिला आकडा वाचतो. दीड मीटर ना, म्हणजे खांद्याएवढी लाट, चला, जमेल. मीपण वर्षभर हेच करत होतो. एकदा दीड मीटरच्या लाटांत मस्त खेळून आलो, आणि दोन आठवड्यांनी त्याच किनाऱ्यावर, ॲपवर तोच दीड मीटर बघून, तितक्याच उत्साहात आत गेलो तर पहिल्याच सेटने, म्हणजे लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी, असं काही धोपटलं की वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना, बोर्ड एकीकडे, मी एकीकडे, नाकातोंडात पाणी, आणि पंधरा मिनिटांत परत वाळूवर. ॲपला शिव्या घातल्या. नंतर नीट बघितलं तर पहिल्या वेळी उंचीच्या पुढचा आकडा होता ७ सेकंद आणि दुसऱ्या वेळी १६. सगळा खेळ तिथेच होता आणि मी तो आकडा कधी वाचलाच नव्हता.

तर आज त्या एका ओळीबद्दलच बोलू. थोडं फिजिक्स येईल, पण घाबरू नका, गुणाकार भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवायची ती ही की खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी नाही. दोरीचं एक टोक झटकलं की झटका दुसऱ्या टोकाला पोचतो, दोरी जागच्या जागी, तसं. लाटेवर तरंगणारा बॉल बघा, लाट आली की वर आणि पुढे, गेली की खाली आणि मागे, एक गोल फिरून जवळपास होता तिथेच. बॉलच्या खालचं पाणीपण असंच गोल फिरत असतं, फक्त जसजसं खाली जाल तसतसे ते गोल लहान होत जातात, आणि दोन लाटांच्या माथ्यांमध्ये जेवढं अंतर असेल त्याच्या निम्म्या खोलीवर गेलात की हालचाल जवळजवळ संपते. हे 'निम्मं अंतर' लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

आता ही लाट बनते कुठे? चांगली लाट बहुतेक वेळा तुमच्या किनाऱ्यावर बनतच नाही. हजारो किलोमीटर लांब कुठेतरी वादळ झालेलं असतं आणि तिथला वारा समुद्राला घासत, ढकलत आपली ताकद पाण्यात उतरवत असतो. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं, वारा किती जोरात आहे, किती वेळ वाहिला, आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला. या तिसऱ्या गोष्टीला फेच म्हणतात. तलावावर कितीही सोसाट्याचा वारा सुटू दे, तिथे दोन पुरुष उंचीची लाट उठणार नाही कारण वाऱ्याला धावपट्टीच पुरत नाही. उलट दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली, शाळेच्या भूगोलात 'गर्जणारे चाळीस' म्हणून पाठ केलं होतं बघा, तिथे मध्ये आडवी यायला जमीनच जवळपास नाही, त्यामुळे पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती नुसते सुसाट. हिंदी महासागर आणि पॅसिफिकमधल्या कित्येक नावाजलेल्या सर्फ स्पॉट्सचा कारखाना तिथे आहे.

वादळाच्या आत समुद्र म्हणजे नुसता गोंधळ असतो, लहान, मोठ्या, आखूड, लांब, सगळ्या लाटा एकमेकींवर चढलेल्या. याला वाऱ्याच्या लाटा म्हणू. पण त्या वादळातून बाहेर पडून लांब निघाल्या की आपोआप वेगळ्या होतात, शिस्तीत रांगा धरतात, आणि त्या रांगांना म्हणतात स्वेल. सर्फिंगला हवा असतो तो हाच.

या लाटा वेगळ्या का होतात, तर खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या पिरियडवर ठरतो. पिरियड म्हणजे एक माथा गेल्यावर पुढचा माथा त्याच जागी यायला लागणारे सेकंद. हिशोब असा, पिरियडला १.५६ ने गुणा, लाटेचा वेग मिळाला, मीटर दर सेकंद. पिरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणा, दोन माथ्यांमधलं अंतर मिळालं, मीटरमध्ये. आता माझे दोन दिवस यात घालून बघा. ७ सेकंदांची लाट साधारण ७६ मीटर लांब. १६ सेकंदांची लाट ४०० मीटर लांब! उंची दोघींची दीड मीटर. आणि ते निम्मं अंतर आठवा, पहिलीची हालचाल पाण्यात जेमतेम ३८ मीटर खोल पोचते, दुसरीची २०० मीटर. म्हणजे वरून दिसायला सारख्या, पण एक नुसती पाण्याची कातडी हलवत येतेय आणि दुसरी २०० मीटर जाडीचं पाणी ढवळत.

इथे एक भानगड आहे. एकेक माथा १६ सेकंदांच्या हिशोबाने ताशी ९० किलोमीटरने पळतो, पण लाटांचा आख्खा घोळका मात्र त्याच्या निम्म्या वेगाने, ताशी ४५ ने सरकतो. कारण घोळक्यातली पुढची लाट पुढे जाऊन विरून जाते आणि मागे नवीन उभी राहते. एखादी रांग डोळ्यासमोर आणा जिच्यातला प्रत्येकजण भराभर चालतोय, पण सगळ्यात पुढचा सतत गायब होतोय आणि मागे नवीन माणूस येऊन उभा राहतोय, माणसं पळतायत पण रांग निम्म्यानेच पुढे जातेय. किनाऱ्यावर लाट कधी पोचणार हे काढायचं असेल तर रांगेचा वेग धरायचा, माणसाचा नाही.

आणि यातून एक फार भारी गोष्ट निघते. समजा वादळ ३००० किलोमीटरवर झालं. १८ सेकंदांच्या लाटा ताशी साधारण ५० ने येणार, म्हणजे अडीच दिवसांत हजर. १२ सेकंदांच्या ताशी ३४ ने, त्यांना पावणेचार दिवस लागणार. दोघी एकाच वादळात, एकाच वेळी निघाल्या आणि पोचताना तीस तासांचा फरक. म्हणून नवा स्वेल येतो तेव्हा आधी दिसतात त्या कमी उंचीच्या पण प्रचंड लांब पिरियडच्या लाटा, किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं काही खास नाही, अर्ध्या मीटरचा समुद्र, आणि ॲपवर मात्र १८ सेकंद, जाणकार माणूस तो आकडा बघूनच दुसऱ्या दिवसाची सुट्टी टाकतो. मग उंची वाढत जाते आणि पिरियड हळूहळू उतरत जातो. तेच वादळ १००० किलोमीटरवर असतं तर फरक दहाच तासांचा पडला असता. म्हणजे एका जागी बसून पिरियड किती झपाट्याने उतरतोय एवढं मोजलं तरी वादळ किती लांब झालं ते काढता येतं, उपग्रह नको की काही नको.

हे खरंच केलं गेलं. वॉल्टर मंक नावाचे समुद्रशास्त्रज्ञ होते, २०१९ मध्ये १०१ व्या वर्षी गेले, त्यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत पॅसिफिकमध्ये ओळीने सहा ठिकाणी लाटा मोजायची केंद्रं उभी केली आणि दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा थेट अलास्कापर्यंत माग काढला. १० हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, आणि त्यात असं दिसलं की वादळाच्या जवळपासच काय तो ताकदीचा तोटा होतो, एकदा बाहेर पडली की ती लाट आख्खा महासागर ओलांडूनसुद्धा फारशी थकत नाही. याच मंक यांनी दुसऱ्या महायुद्धात हारल्ड स्वेरड्रूप यांच्याबरोबर लाटांचा अंदाज बांधायची पद्धत बसवली होती, सैन्याच्या होड्या किनाऱ्यावर लागायच्या तर त्या दिवशी तिथे लाट किती असेल हे आधी कळायला हवं होतं म्हणून. १९४४ ची नॉर्मंडीची, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरची, चढाई ५ जूनची खराब हवामानामुळे ६ जूनवर गेली तेव्हा या लाटांच्या अंदाजाचाही वापर झाला होता. आज आपण ॲपवर बघतो त्याचं मूळ तिथे आहे.

म्हणूनच आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि समुद्र मात्र खवळलेला, असं होऊ शकतं. केरळच्या किनाऱ्यावर तर यासाठी शब्दच आहे, कल्लक्कडल, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. इथे हवा छान असते आणि हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाला झालेल्या वादळाचा स्वेल गुपचूप येऊन वस्तीत पाणी घालतो. हवामान आणि लाट या दोन वेगळ्या बातम्या आहेत, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायला जाऊ नका.

बरं, आता लाट किनाऱ्याजवळ आली. पाणी तिच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ झालं की तिचं पोट तळाला लागायला लागतं आणि ती हळू होते. मागून येणारी अजून खोल पाण्यात, तिचा वेग जास्त, त्यामुळे दोघींमधलं अंतर आक्रसतं. पिरियड बदलत नाही हां, १६ सेकंदांनी निघालेली १६ सेकंदांनीच येणार, फक्त लांबी कमी होते आणि सगळी ताकद कमी जागेत कोंबली जाते, मग जायला एकच दिशा उरते, वर. लाट उभी राहायला लागते. आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की माथ्याचा वेग पायथ्याला झेपत नाही आणि लाट फुटते. माझ्या सात सेकंदवालीची फुटताना उंची पावणेदोन-दोन मीटर झाली असेल. सोळावाली अडीच मीटरच्या पुढे. शिवाय ताकदीचा हिशोब उंचीचा वर्ग गुणिले पिरियड असा चालतो, म्हणजे तिच्यात दुपटीहून जास्त जोर. मला पडलेला मार बरोबर हिशोबात होता.

उंचीच्या आकड्यातही एक मेख आहे. ॲपवर जी उंची दिसते ती सगळ्या लाटांची सरासरी नसते आणि सगळ्यात मोठीचीही नसते. लाटा उंचीप्रमाणे लावायच्या, वरच्या एक तृतीयांश घ्यायच्या, त्यांची सरासरी, तो हा आकडा. विचित्र वाटतं ना? पण अनुभवी माणसाला नुसतं बघून उंची सांगा म्हटलं की तो साधारण एवढीच सांगतो, बारीकसारीक लाटांकडे आपलं लक्षच जात नाही, म्हणून ही पद्धत टिकली. याचा व्यवहारातला अर्थ असा की निम्म्याहून बऱ्याच जास्त लाटा त्या आकड्यापेक्षा लहान असणार, आणि हजारात एक जवळजवळ दुप्पट. दहा सेकंदांच्या पिरियडला हजार लाटा म्हणजे पावणेतीन तास. म्हणजे तुम्ही तीन तास पाण्यात थांबलात तर दीड मीटरच्या दिवशीही पावणेतीन मीटरवाली एखादी तुमच्या वाट्याला येणार हे धरूनच चाला, 'अचानक आली' असं नंतर सांगू नका.

आणि तो दीड मीटर एकाच स्वेलचा असेल असंही नाही. दोन स्वेल एकत्र आले तर उंचीची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. १.२ मीटरचा एक आणि ०.९ चा दुसरा, १.४४ अधिक ०.८१, झाले २.२५, वर्गमूळ दीड. ॲपवर दीड मीटरच दिसेल पण पाण्यात दोन वेगळ्या दिशांनी लाटा येऊन एकमेकींत घुसत असतील. म्हणून चांगल्या ॲपवर पहिला स्वेल, दुसरा स्वेल, वाऱ्याच्या लाटा असे वेगवेगळे आकडे देतात, तिथे क्लिक करायचा आळस करू नका. त्यात पुन्हा हवाईमधली जुनी मंडळी लाट मागच्या बाजूने मोजतात, त्यांची दहा फुटी म्हणजे पुढून बघणाऱ्याला अठरा-वीस फुटी. ऐकलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी कोण सांगतंय ते बघायचं.

लाटा सेटमध्ये का येतात तेही इथेच सांगून टाकतो. थोड्याशा वेगवेगळ्या पिरियडच्या रांगा एकमेकींवर पडल्या की कधी माथ्यावर माथा जुळतो, तेव्हा तीन-चार मोठ्या लागोपाठ येतात, आणि कधी माथ्यावर खळगा पडतो, तेव्हा शांतता. ते 'सातवी लाट मोठी असते' वगैरे काही खरं नाही.

पुढचा आकडा, २२५ अंश. उत्तर म्हणजे ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, तर २२५ म्हणजे नैऋत्य. स्वेल नैऋत्येकडून येतोय. वाऱ्याचंही तसंच, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. प्रवाहाचं मात्र उलटं, तो जिकडे जातो ती दिशा सांगतात. का ते विचारू नका, पण एकदा गोंधळ झाला की नकाशा उलटाच वाचला जातो. दिशेवर बरंच काही ठरतं, तुमच्या किनाऱ्याचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडून स्वेल आला तर पूर्ण मिळणार, मध्ये बेट किंवा भूशिर आलं तर आडोशाला जेमतेम शिल्लक पोचणार. पण लांब पिरियडची लाट तळाला लवकर टेकते म्हणून वळतेही जास्त, जिथे ७ सेकंदवाली कोपऱ्यावरून सरळ निघून जाते तिथे १६ सेकंदवाली वळून खाडीच्या आत शिरते.

हे वळणं, म्हणजे लाटेचा उथळ भागातला तुकडा मागे पडणं आणि खोल भागातला पुढे निघणं, याचं जगातलं सगळ्यात थरारक उदाहरण म्हणजे पोर्तुगालचं नाझारे. तिथे किनाऱ्याच्या अगदी तोंडाशी समुद्राखाली २०० किलोमीटरहून लांब दरी येऊन भिडलीय, बाहेरच्या टोकाला जवळपास ५ किलोमीटर खोल. दरीवरून येणारा लाटेचा भाग खोल पाण्यामुळे वेगात येतो, बाजूच्या उथळावरचा मागे रेंगाळतो, दरीतला भाग वळून बाजूच्याला येऊन मिळतो आणि दोन्हीचे माथे एकमेकांवर चढतात. शेजारच्या गावात साधारण लाट आणि इथे बहुमजली इमारत. २९ ऑक्टोबर २०२० ला सेबास्टियन स्टॉइड्टनर यांनी इथे घेतलेली लाट ८६ फुटी मोजली गेली, गिनेसमध्ये नोंद आहे. वादळ तेच, समुद्र तोच, फरक फक्त तळाचा.

तळ हा विषय म्हणूनच मला सगळ्यात आवडतो, आणि ॲपवर तो दिसत नाही हीच अडचण आहे. ढोबळमानाने तळ हळूहळू उथळ होत गेला तर लाट वरून फेस सांडत मऊपणे फुटते, शिकणाऱ्यांची लाट. तळ झपकन वर आला तर माथा पुढे फेकला जातो आणि आत पोकळ बोगदा तयार होतो, ते बॅरल. तळ अगदीच भिंतीसारखा असेल तर लाट फुटतच नाही, नुसती किनाऱ्यावर चढून उतरते, तिथे सर्फिंगला काही नाही. वाळूच्या किनाऱ्यावर, म्हणजे बीच ब्रेकवर, लाट सँडबारवर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर, फुटते आणि हे सँडबार सरकत राहतात, मोठ्या वादळाने वाळू आत ओढून नेली की मागच्या महिन्यातला मस्त स्पॉट या महिन्यात गायब. दक्षिण आफ्रिकेतल्या जेफ्रीज बे सारख्या ठिकाणी लाट भूशिराला धरून कडेकडेने फुटत जाते, म्हणून इतकी लांब राइड मिळते, हा पॉइंट ब्रेक. आणि रीफ ब्रेकला तळ खडकाचा किंवा प्रवाळाचा, हलत नाही, त्यामुळे लाट दर वेळी त्याच जागी, पण पडलात तर वाळू नाही हेही लक्षात ठेवा. ताहितीचं तेआहुपो बघा, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची सर्फिंग स्पर्धा पॅरिसपासून १५ हजार किलोमीटरहून लांब तिथे घेतली. खोल समुद्रातून लाट थेट उथळ प्रवाळावर आदळते, मध्ये हळू व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे ती उंच होण्याऐवजी जाड होते आणि तिच्यासमोरचं पाणी खाली खेचलं जाऊन लाट समुद्राच्या पातळीच्या खाली फुटल्यासारखी दिसते. व्हिडिओ बघा, शब्दांत नाही सांगता येत.

आता वारा. ८ नॉट म्हणजे ताशी साधारण १५ किलोमीटर, एक नॉट १.८५ किलोमीटर धरा. ऑफशोअर म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. हा वारा येणाऱ्या लाटेच्या भिंतीवर समोरून दाब देतो, तिला थोडं जास्त वेळ उभी धरतो, ती जरा अजून उथळात येऊन स्वच्छ फुटते. ऑनशोअर, समुद्राकडून येणारा, माथ्याला मागून ढकलतो, लाट वेळेआधीच ढासळते आणि सगळीकडे खळबळ. पण ऑफशोअर चांगला म्हणून जितका जास्त तितका चांगला असं नाही, फार जोरात असेल तर पाण्याचा फवारा थेट डोळ्यांत, बोर्ड लाटेवरून खालीच उतरत नाही, आणि नवशिका दमला की वारा त्याला आणखी आत समुद्रात लोटत राहतो. किनाऱ्यालगत पाणी शांत दिसतं म्हणून हवेच्या गादीवर मुलांना सोडणारे लोक याच वाऱ्यात फसतात.

सर्फर लोक पहाटे का कडमडतात याचंही कारण हाच वारा. खारे वारे आणि मतलई वारे, शाळेत दर परीक्षेला उलटसुलट लिहायचो आपण. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्राकडून हवा येते, हे खारे वारे, म्हणजेच ऑनशोअर, साधारण दुपारच्या आधी सुरू होतात आणि दुपारभर जोर धरतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि सगळं उलट, मतलई वारे, म्हणजेच ऑफशोअर, पहाटेपर्यंत. त्यामुळे तोच स्वेल सकाळी सहाला काचेसारखा आणि दुपारी दोनला कपडे धुतल्यासारखा. ढगाळ दिवस असला तर जमीन फार तापत नाही आणि कधी कधी दुपारसुद्धा चांगली जाते.

भरती-ओहोटीचं काम एकच, तळावर किती पाणी उभं आहे ते बदलणं. पण त्याने स्पॉटचा स्वभावच बदलतो. एखाद्या सँडबारवर ओहोटीला पाणी इतकं कमी की लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम धाडकन पडते, क्लोजआउट, भर भरतीला पाणी इतकं जास्त की लाट नुसती फुगते आणि फुटायचं नावच घेत नाही, आणि मधल्या दोन तासांत मात्र अफलातून. दुसऱ्या स्पॉटचं बरोबर उलटं. हे कुठलंही ॲप सांगत नाही, तिथे वारंवार जाऊनच कळतं. जिथे दिवसातून दोन भरत्या येतात तिथे एक जुना हिशोब चालतो, ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी एकूण चढाच्या बारा भागांपैकी १, २, ३, ३, २, १ असं चढतं. चढ ३ मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाव मीटर आणि तिसऱ्या तासात एकदम पाऊण मीटर. म्हणून मधल्या दोन तासांत स्पॉट डोळ्यांदेखत बदलतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, फरक मोठा. अष्टमीच्या आसपास भांगाची, फरक कमी. आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे या शनिवारची जमलेली वेळ पुढच्या शनिवारी चालणार नाही.

लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं एवढं सगळं पाणी परत कुठून तरी जाणार ना, ते जातं रिप करंटमधून. सँडबारमधल्या खोलगट फटीतून समुद्राकडे वाहणारी नदीच म्हणा. गंमत अशी की नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यात सुरक्षित वाटते, कारण पाणी खोल असल्यामुळे तिथे लाटा फुटत नाहीत, दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा. रिप बऱ्याचदा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास वाहते पण जोरात असली की २ मीटरच्याही वर जाते, एवढ्या वेगाविरुद्ध ऑलिम्पिकचा पोहणारासुद्धा फार वेळ टिकणार नाही. ती तुम्हाला खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेते. माणूस बुडतो तो किनाऱ्याच्या दिशेने झटापट करून दमल्यामुळे. त्यामुळे तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, अंगात दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूच्या फेसाकडे जायचं, जिथे लाटा फुटतात तिथे पाणी उथळ असतं आणि लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. सर्फर मंडळी याच रिपचा लिफ्टसारखा वापर करून आत जातात, पण ते जमायला वेळ लागतो.

पावसाबद्दल एवढंच की पाऊस पडला म्हणून लाट बिघडत नाही, पण मोठ्या पावसानंतर नाल्या-नद्यांची घाण समुद्रात येते, दोन-तीन दिवस पाण्यात न गेलेलं बरं. आणि गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत नाही, यात चर्चा नाही.

फोरकास्टवर विश्वास किती ठेवायचा? स्वेलच्या आकड्यावर बऱ्यापैकी, कारण वादळ होऊन गेलेलं असतं, लाटा निघालेल्या असतात, मध्ये समुद्रात तरंगणारे बॉय, म्हणजे लाटा मोजायची तरंगती यंत्रं, त्यांची नोंद घेत असतात, उरतो तो प्रवासाचा हिशोब. जे वादळ अजून झालंच नाही त्याचे दहा दिवस पुढचे आकडे मात्र करमणूक म्हणून बघा. वाऱ्याचा अंदाज जास्त वेळा चुकतो, एखादी टेकडी, एखादी खाडी, तेवढ्यानेही फरक पडतो. आणि तळाचं तर ॲपला काहीच माहीत नाही.

त्यामुळे किनाऱ्यावर पोचलात की लगेच बोर्ड घेऊन पळू नका. वीस मिनिटं नुसतं बसा, त्यापेक्षा कमी वेळात मोठा सेट येऊन गेला की नाही तेच कळत नाही. लाटा कुठे फुटतायत, कुठे फुटत नाहीयेत, आत असलेली माणसं कुठल्या बाजूला सरकतायत ते बघा. मग एखादा खडक किंवा पाण्यातली काठी धरा, लाटेचा माथा तिथे आला की फोनचं स्टॉपवॉच सुरू करा, पुढचे दहा माथे मोजा, दहाव्याला थांबवा आणि आलेल्या सेकंदांना दहाने भागा. हा तुमचा स्वतःचा मोजलेला पिरियड. काल १५ आला असेल आणि आज १२ येत असेल तर स्वेल उतरतोय, उद्याची वाट न बघता आजच आत जा. काल १० होता आणि आज १७ येतोय, आणि समोर लाटा जेमतेम गुडघ्याएवढ्या दिसतायत, तर बोर्डाला आज रात्रीच वॅक्स लावून ठेवा.